दोन वर्षं न खपलेला नांगर

आमच्या रानातल्या सोलर पंपाचा कंट्रोलर बंद पडून आज तेवीस दिवस झाले. बसवताना नुसते फोटो काढायला चार माणसं आली होती. आता फोन केला की 'तक्रार नोंदवली आहे' एवढंच ऐकू येतं. एजन्सी म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एजन्सीला विचारा. (नाव घेत नाही, पंप अजून दुरुस्त व्हायचाय!) मराठीत 'एखाद्याचं गिऱ्हाईक करणे' म्हणजे त्याची फजिती करणे असा अर्थ का झाला, ते नीट समजलं.

या निमित्ताने आपल्याच पलूस भागाशी जोडलेली एक जुनी गोष्ट आठवली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकल म्हणजे तेव्हा नवलाची वस्तू. त्यांचे भाऊ रामूअण्णा ती विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. पुढे चारा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. तो काही खपेना! लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिली विक्री व्हायला दोन वर्षं गेली.

पुस्तकांत ही गोष्ट 'अडाणी शेतकरी आणि जिद्दी उद्योजक' अशी सांगतात. मला ते अर्धंच पटतं. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार होता, फाळ बोथट झाला तर लोहार होता. सुगीला बलुतं दिलं की वर्षभराची दुरुस्ती त्यात आली. म्हणजे शेतकरी नुसता नांगर घेत नव्हता, त्यामागचा माणूसही त्याला मिळत होता. बेळगावच्या कारखान्यातल्या नांगराचा फाळ ऐन पेरणीआधी तुटला तर कोणाच्या दारात जायचं? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

नांगर खोल जाऊन हरळी, कुंदा उपटून काढतो हे एकाच्या रानात दिसलं, की शेजारचा विचारायला यायचा. पण झिजलेला फाळ बदलून मिळाला तरच तो शेजारी घेणार. या धंद्यात खरी जाहिरात बांधावर व्हायची.

बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, बिनव्याजी कर्जही दिलं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. निवडुंग आणि साप यांचं ते रान होतं.

आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत, एजंटांपर्यंत पोचवायची, हा मूळ हेतू. विक्री झाल्यावरही दर महिन्याला घरी काहीतरी येतंय, वाचून दाखवलं जातंय! १९२९ मध्ये नावातलं 'खबर' गेलं, 'किर्लोस्कर' मासिक राहिलं. मग १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. मराठी साहित्यात या तिघांचं नाव मोठं आहे. पण त्या मासिकाची सुरुवात नांगर घेणाऱ्या माणसाशी बोलायला झाली होती, हे साहित्याच्या इतिहासात कुठेतरी एका ओळीत उरकतात. मला तीच ओळ महत्त्वाची वाटते.

कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर जुना किर्लोस्कर नांगर पडून असेल तर खाली फोटो टाका. त्याचा फाळ शेवटचा कधी आणि कुठून बदलला, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तेही लिहा.

पंपाचं काय झालं ते कळवतोच.