खंडित चित्रकथा आणि तिचे वारसदार

मराठीने प्रदीर्घ गद्यकथेला 'कादंबरी' हे नाव बाणभट्टाच्या ज्या ग्रंथावरून दिले, तो ग्रंथ बाणाच्या हातून पुरा झालेला नाही. सातव्या शतकात बाण निवर्तला, तेव्हा कथा वाटेतच थांबली होती. उत्तरभाग त्याच्या पुत्राने रचला. पित्याच्या निधनाने कथेचा धागा तुटला, त्या अपुरेपणाचे सज्जनांना दुःख होते, म्हणून हे काम हाती घेतले. कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असे त्याने आरंभीच सांगितले. पूर्वभाग कोठे संपतो हे त्यामुळे वाचकाला आजही ठाऊक असते. विसाव्या शतकात हाच प्रश्न चित्रकथांपुढे उभा राहिला आणि तेथे तो अधिक बिकट झाला, कारण चित्रकथेत शब्दांप्रमाणे रेषेवरही कर्त्याची मुद्रा असते.

या प्रश्नाची तीन निरनिराळी रूपे तीन प्रसिद्ध मालिकांत पाहावयास मिळतात. 'अ‍ॅस्टेरिक्स' या फ्रेंच मालिकेचे लेखक रेने गोसिनी ५ नोव्हेंबर १९७७ रोजी वारले, तेव्हा बेल्जियममधील साहसाची संहिता लिहून झाली होती. चित्रकार आल्बेर उदेर्झो यांचे रेखाटन मात्र चालू होते. सहकाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या चित्रांत उदेर्झो यांनी आकाश काळवंडून पाऊस पाडला. हा अल्बम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे उदेर्झो यांनी लेखनही स्वतःकडे घेतले आणि २०१३ पासून मालिका नव्या लेखक-चित्रकारांच्या हाती गेली. मूळ जोडीपैकी एक जण हयात होता, म्हणून येथे अधिकाराचा प्रश्न फारसा उद्भवला नाही.

'टिनटिन'चे कर्ते एर्जे यांनी नेमका उलटा मार्ग घालून दिला. १९२९ पासून चाललेली ही मालिका आपल्यानंतर कोणी पुढे नेऊ नये, अशी त्यांची स्पष्ट इच्छा होती. ३ मार्च १९८३ रोजी ते गेले, तेव्हा चोविसाव्या कथेची कच्ची रेखाटने तेवढी मागे उरली. त्यांचे दीर्घकाळचे सहायक बॉब द मूर ती पूर्ण करण्यास उत्सुक होते. परंतु अखेरीस पत्नी फॅनी यांनी संमती दिली नाही. १९८६ मध्ये ती रेखाटने आहेत त्या स्थितीत छापली गेली. त्यांच्या शेवटी टिनटिनवर रासायनिक द्रव ओतून त्याचा पुतळा करण्यासाठी त्याला नेले जात आहे. नायक तेथेच कायमचा थांबला आहे.

तिसरे उदाहरण जपानचे. केन्तारो मिउरा यांची 'बर्सर्क' ही मालिका १९८९ मध्ये सुरू झाली. ६ मे २०२१ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, महाधमनी विदीर्ण होऊन मिउरा अकस्मात निधन पावले. सप्टेंबरमध्ये त्यांचे ३६४वे प्रकरण प्रसिद्ध झाले. पौर्णिमेच्या रात्री येणाऱ्या अबोल बालकाचे रहस्य त्यात उलगडते आणि नेमकी तेथेच कथा थांबते.

मिउरांच्या चित्रशाळेतील सहायकांचे हात त्यांच्या शैलीत तयार झालेले होते. कथेचा शेवट मात्र त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हता. तो ठाऊक होता शाळेपासूनचे मित्र आणि स्वतः चित्रकथाकार असलेले कोजी मोरी यांना. सुमारे तीस वर्षांपूर्वी, कथेतील 'ग्रहण' हा भीषण प्रसंग रचण्याच्या वेळी, मिउरांनी त्यांना बोलावून घेतले होते आणि त्या चर्चेत संपूर्ण कथानक शेवटापर्यंत सांगितले होते. जून २०२२ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा मोरी यांनी वाचकांना वचन दिले: मिउरांनी जे सांगितले तेवढेच लिहीन, पदरचे घालणार नाही, जे स्पष्ट आठवत नाही ते लिहिणार नाही. मूळ कथा मिउरांची, चित्रे स्टुडिओ गागाची, देखरेख मोरींची, असा नामनिर्देश होऊ लागला.

या व्रतस्थपणाची किंमतही आहे. मिउरा रेखाटता रेखाटता कथेचा शोध घेत. एखादी मुद्रा, एखादे गौण पात्र त्यांना आडवाटेने नेई. मित्राच्या स्मरणात घटनाक्रम टिकतो, त्या आडवाटा टिकत नाहीत. म्हणून नव्या प्रकरणांत कथा पुढे सरकते, पण पूर्वीचा विस्तार आणि अनपेक्षितपणा तितका आढळत नाही, ही वाचकांची तक्रार अनाठायी म्हणता येत नाही. तथापि ही उणीव कोठून सुरू होते, हे वाचकापासून लपवलेले नाही.

अपुरी कृती पुढे न्यावी की न न्यावी, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. एर्जे यांची इच्छा मोडणे जितके अनुचित ठरले असते, तितकेच मोरी यांनी ऐकलेला शेवट मनातच ठेवून गप्प राहणेही. दिवंगताने काय मागे ठेवले, संहिता, निषेध की विश्वासाने सांगितलेली कथा, यावरून उत्तराधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. एक अट मात्र सर्वांनाच बंधनकारक मानावी लागते: जोड दिसली पाहिजे. बाणपुत्राने ती प्रारंभीच्या श्लोकांत दाखवली, उदेर्झो यांनी पावसात आणि मोरी यांनी आपल्या वचनात.