शोरूमचं सर्व्हिसिंग बिल : कोणतं काम गरजेचं, कोणतं टाळलं तरी चालतं

यवतमाळ : जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत घरापुढे चारचाकी उभी दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. गाडी नवी असो की जुनी घेतलेली, वर्षातून एकदा ती सर्व्हिसिंगला जातेच. पण कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर काही प्रत्येक तालुक्यात नाही. मारेगाव, झरी जामणीची गाडी वणी किंवा चंद्रपूरकडे जाते, उमरखेड-महागावची पुसदला नाहीतर नांदेडला, बाकीच्या यवतमाळला किंवा थेट नागपूर-अमरावतीला. सकाळी गाडी टाकायची, दिवसभर बाजारातली कामं उरकायची आणि संध्याकाळी गाडी घेऊन गावी परतायचं, असा हा दिवस असतो.

दुपारी फोन येतो. "सर, गाडी चेक केली. थ्रॉटल बॉडीत कार्बन आहे, इंजेक्टर क्लीनिंग करावं लागेल, एसीला वास आहे, अंडरबॉडी कोटिंग झालेलं नाही. करून टाकू का?" माणूस गर्दीत उभा, मागे गोंगाट, फोनवरच्या शब्दांपैकी एकही रोजच्या ओळखीचा नाही. "करून टाका" म्हणून फोन ठेवला जातो आणि सकाळी सांगितलेलं बिल संध्याकाळी दुप्पट होऊन हातात पडतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. वाढीव कामं तेवढ्याची निघाली, तर एका फोनवर एक क्विंटल कापूस गेला असं समजायचं.

यातलं सगळंच खोटं असतं असं नाही, आणि खरी अडचण तीच आहे. ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं तर ते खरंच गरजेचं असू शकतं. इंजिन ड्रेसिंग सांगितलं तर ती केवळ चमक असते. बिलावर मात्र दोन्ही एकाच रांगेत येतात. सर्व्हिस सेंटरमध्ये जास्तीच्या कामांना 'व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरला त्याचं महिन्याचं टार्गेट असतं. तो पोटासाठीच बोलतो, पण त्याचं टार्गेट म्हणजे गाडीची गरज नव्हे.

आधी पुस्तक काढा

गाडीसोबत मिळालेलं ओनर्स मॅन्युअल बहुतेक घरांत डॅशबोर्डच्या कप्प्यात तसंच पडून असतं. हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं, मोबाइलमध्ये उतरवून ठेवता येतं. त्यात मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय करायचं, हे गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच त्यात लिहिलेलं असतं. किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी भरेल ते धरायचं. गाडी वर्षभरात चार हजार किलोमीटरच फिरली, तरी वर्ष संपलं की ऑइल बदलायची वेळ होते.

तक्त्यात दोन अक्षरं नीट पाहावीत. 'आय' म्हणजे तपासा, 'आर' म्हणजे बदला. कित्येक बिलांची गंमत इथेच आहे. पुस्तकात "ब्रेक पॅड तपासा" असतं आणि बिलात "ब्रेक पॅड बदलले" येतं. तपासल्यावर पॅड खरंच झिजलेले निघाले तर बदललेच पाहिजेत. पण किती मिलिमीटर उरले हे विचारायचा हक्क गाडीवाल्याला आहे. साधारण तीन मिलिमीटरच्या खाली आले की बदलायची तयारी करतात. सात-आठ उरले असतील तर घाई कशाची?

नव्या गाडीच्या 'फ्री सर्व्हिस'बद्दलही गैरसमज असतो. फ्री म्हणजे मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर लागले तर त्यांचे पैसे पडतात. मारुतीच्या गाड्यांना अशा तीन फ्री सर्व्हिस असतात, १,००० किलोमीटर किंवा एक महिना, ५,००० किंवा सहा महिने आणि १०,००० किंवा एक वर्ष. त्यानंतर दर १०,००० किलोमीटर किंवा वर्षाला पैसे देऊन. पहिल्याच फ्री सर्व्हिसला कोणी कोटिंग आणि क्लीनिंगची यादी वाचायला लागलं, तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत साफ करण्यासारखं काय साचलं, एवढंच विचारावं.

इथल्या धुळीत आणि उन्हात काय लवकर लागतं

वरचं वाचून "पुस्तकात नाही ना, मग काहीच नको" असं ठरवणंही महागात पडतं. त्याच पुस्तकात आणखी एक तक्ता असतो, कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांचा. धुळीचे रस्ते, कडक ऊन, जास्त ओझं, सतत कमी अंतराच्या फेऱ्या. म्हणजे आपलाच जिल्हा. वणी भागात कोळशाच्या ट्रकांमागे चालणारी गाडी, शेतरस्त्याने रोज फुफाट्यातून जाणारी गाडी आणि नागपूरच्या डांबरी रस्त्यावरची गाडी यांना एकच हिशेब लागत नाही.

एअर फिल्टर यात पहिला. इंजिन हवा ओढतं ती याच कागदी जाळीतून. ती बंद झाली की पिकअप जातो, ॲव्हरेज घटतं. फिल्टर फाटला तर धूळ थेट इंजिनमध्ये. बऱ्याच गाड्यांत बोनेट उघडून क्लिपा काढल्या की फिल्टर हातात येतो. तो उन्हासमोर धरून उजेड आरपार येतो का पाहावं. हवेने साफ करायचा तर आतून बाहेर, हलक्या प्रेशरने. टायरवाल्याकडच्या पूर्ण प्रेशरने मारला तर कागद फाटतो. काही फिल्टर तेलकट असतात, ते साफ करायचेच नसतात, बदलायचे असतात.

इंजिन ऑइल पुस्तकात १०,००० किलोमीटरला असलं तरी धुळीच्या रस्त्यांसाठी त्याच पुस्तकात मुदत कमी दिलेली असते, तीच पाळावी. ऑइलचा ग्रेडही पुस्तकातलाच हवा. ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर "याहून जाड टाकू, इंजिन मजबूत राहते" हा सल्ला गावातल्या मिस्त्रीने दिला तरी ऐकू नये. डिझेल गाडी असेल तर डिझेल फिल्टर चुकवू नये. त्यात साचलेलं पाणी काढायचं राहिलं तर पंप आणि इंजेक्टरचा खर्च निघतो आणि तो सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट असतो.

कूलंटचं उलटं आहे. त्याची पातळी दर महिन्याला पाहावी, इथल्या मे महिन्यात गाडी तापली तर इंजिनचं हेड जातं. पण दर सर्व्हिसला कूलंट बदलायची गरज नसते. आताच्या बऱ्याच गाड्यांत लांब मुदतीचं कूलंट येतं, ते कित्येक वर्षं चालतं. पातळी सारखी कमी होत असेल तर गळती शोधायची. आणि नळाचं पाणी ओतून वेळ मारून नेली असेल तर ते अ‍ॅडव्हायजरला खरं सांगावं, कारण मग कूलंट बदलणं हेच योग्य.

बॅटरी उन्हानेच जास्त खराब होते. तीन-चार वर्षांची झाली की लोड टेस्ट करून घ्यावी. बदला असं कोणी म्हटलं तर टेस्टचा आकडा दाखवायला सांगावं.

पैसे वाचवायला जिथे हात लावू नये ती जागा म्हणजे ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. बऱ्याच कंपन्या ते दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला बदलायला सांगतात. पुसदकडच्या घाटात भरलेली गाडी उतरवताना ब्रेक तापतात, जुनं ऑइल उकळतं आणि पेडल खाली जातं. हे काम "पुढच्या वेळी पाहू" म्हणून सोडण्यातलं नाही. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेतलेल्यांनी ती जरूर पाहावी, नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन तडकतं.

टायमिंग बेल्टचंही तसंच. काही इंजिनांत चेन असते, काहींत बेल्ट. बेल्ट असेल तर पुस्तकातल्या किलोमीटरला बदलायचाच, तो तुटला तर बऱ्याच गाड्यांत इंजिन खोलावं लागतं. सीएनजी गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट कायद्यानेच सक्तीची आहे.

ज्या कामांना आधी कारण विचारावं

इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन डीकार्बनायझिंग आणि इंजिन फ्लश ही कामं खोटी नाहीत, पण ती औषधासारखी आहेत. गाडी झटके देते, आयडलला बंद पडते, चेक इंजिनचा दिवा लागला आहे, ॲव्हरेज अचानक पडलं आहे, असं काही असेल तर करायची. गाडी नीट चालत असेल तर दर वर्षी करून घेण्यात अर्थ नाही. ऑइल वेळेवर बदलणाऱ्या गाडीला फ्लशची गरज सहसा पडत नाही.

एसीचा गॅस हा उन्हाळ्यातला हुकमी विषय. "दर वर्षी गॅस भरावा लागतो" हे चूक. एसीची यंत्रणा बंद असते, त्यात गॅस जळून संपत नाही. गॅस मोठ्या प्रमाणात कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतंय, गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा उडून जातो. त्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. केबिन फिल्टर धुळीने गच्च झालाय का, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरवर किडे आणि कचरा बसलाय का. हा फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि घरच्या घरी बदलता येतो.

अंडरबॉडी कोटिंग खाऱ्या हवेच्या कोकणात समजू शकतं. यवतमाळच्या कोरड्या हवेत नव्या गाडीला त्याची घाई नाही. इथला गंज वेगळ्या वाटेने येतो. पावसाळ्यात चाकांच्या आत, खालच्या पत्र्यात काळी माती घट्ट बसते आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. डिक्कीतून खताच्या बॅगा आणल्या जातात, फाटक्या बॅगेतला युरिया किंवा डीएपी मॅटखाली सांडतो. पावसाळा संपल्यावर खालून प्रेशरने धुलाई आणि मॅट काढून डिक्कीची झाडझूड, एवढ्याने पुष्कळ भागतं.

उंदरांच्या स्प्रेचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. सोयाबीन, तूर, कापूस ठेवलेल्या गोदामाशेजारी गाडी उभी असेल तर उंदीर वायरी कुरतडतात आणि वायरिंगचा खर्च मोठा असतो. पण स्प्रेचा असर थोडे दिवसच टिकतो. खालून बारीक लोखंडी जाळी, गाडी धान्यापासून दूर आणि रात्री बोनेट उघडं ठेवून आत बल्ब लावणं, हे जास्त दिवस कामी येतं.

अलाइनमेंट-बॅलन्सिंग दर वेळी लागत नाही. गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग थरथरतं, टायर एका कडेने झिजतो, किंवा मोठ्या खड्ड्यात जोरात आदळली, तेव्हा लागतं. आपले रस्ते पाहता हे शेवटचं कारण वर्षात एकदा तरी घडतंच म्हणा. टेफ्लॉन, सिरॅमिक, इंजिन ड्रेसिंग, सायलेन्सर कोटिंग ही हौसेची कामं. हौस असेल तर करावीत, गाडी त्याशिवायही तेवढीच चालते.

जॉब कार्डवर सही करण्याआधी

सगळी लढाई सकाळच्या दहा मिनिटांत आहे. जॉब कार्डवर कामांची यादी आणि अंदाजे रक्कम लिहून घ्यावी. त्यावरच "विचारल्याशिवाय वाढीव काम करू नये" हे पेनाने लिहावं आणि मग सही करावी. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुपारी फोन आला तर लगेच हो म्हणू नये. "भाऊ, फोटो आणि रेट व्हॉट्सॲपवर पाठवा, हे पुस्तकात किती किलोमीटरला आहे ते सांगा, मी दहा मिनिटांत कळवतो" एवढं म्हटलं की अर्धी यादी आपोआप गळते. जो पार्ट बदलला तो जुना परत मागावा. हे सकाळीच सांगितलेलं बरं, संध्याकाळी तो भंगारात गेलेला असतो.

"हे केलं नाही तर वॉरंटी जाईल" असं ऐकायला मिळतं. पुस्तकाच्या तक्त्यात असलेली सर्व्हिस वेळेवर केली नाही तर वॉरंटीला खरंच अडचण येऊ शकते. तक्त्यात नसलेलं कोटिंग किंवा क्लीनिंग नाकारल्याने वॉरंटी जाते, असं म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागावं.

बाहेरच्या गॅरेजचा प्रश्न देशपातळीवर गाजलेला आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळत नाही, या २०११ च्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगाने म्हटलं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. त्यामुळे काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करून पावत्या जपणं सोपं पडतं. वॉरंटी संपल्यावर भरवशाचा मिस्त्री चांगलाच. फक्त ऑइल आणि पार्ट आपल्यासमोर सीलबंद डब्यातून निघावेत, आणि त्याच्याकडूनही बिल घ्यावं.

न विचारता काम केलं, न केलेल्या कामाचे पैसे लावले किंवा पक्कं बिल दिलं नाही, तर आधी सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी कळवावं. तिथे भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी नागपूरला किंवा नांदेडला दाखवली असली तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळला तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. जॉब कार्डचा फोटो, बिल आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तोपर्यंत मोबाइलमधून पुसू नये.