लिंगभाव आणि लैंगिक कल : ओळखीचे शब्द

आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत, दोन्ही आहोत की यांपैकी काहीच नाही, आणि आपल्याला ओढ कोणाविषयी वाटते, हे सांगण्यासाठी माणूस स्वतःसाठी घेतो ते शब्द. समलिंगी, उभयलिंगी, अलैंगिक, पारलिंगी, तृतीयपंथी, हिजडा, गे, लेस्बियन, ट्रान्स, क्वीअर ही महाराष्ट्रात आज कानावर पडणारी त्यांतली काही नावे. काही फार जुनी आहेत, तर काही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत छापील मराठीत रुळली. काही आधी शिव्या होत्या आणि ज्यांना त्या दिल्या गेल्या त्यांनीच पुढे त्या नाव म्हणून उचलल्या.

या शब्दांचा घोळ होतो तो चार निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे. जन्मताना शरीर पाहून दाखल्यावर लिहिलेले लिंग ही पहिली. आपण कोण आहोत याची आतली जाणीव, म्हणजे लिंगभाव, ही दुसरी. कपडे, केस, चाल, बोलणे यांतून दिसते ती तिसरी. कोणाविषयी प्रेम वा शारीरिक आकर्षण वाटते तो लैंगिक कल ही चौथी. ‘समलिंगी’, ‘उभयलिंगी’, ‘अलैंगिक’ हे शब्द कलाविषयी बोलतात, तर ‘पारलिंगी’ किंवा ‘ट्रान्स’ हे लिंगभावाविषयी. ‘आंतरलिंगी’ हा शब्द शरीराच्या जन्मजात घडणीविषयी आहे, मनाविषयी तो काहीच सांगत नाही. एका गोष्टीवरून दुसरी ओळखता येत नाही. जन्माने मुलगी ठरवलेला एखादा पारलिंगी पुरुष पुरुषाच्या प्रेमात पडू शकतो, आणि मग तो पारलिंगीही असतो, समलिंगीही.

रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्यासारख्या गावातले उदाहरण घेऊ. एखादा मुलगा मुलींतच रमतो, गौरीपुढे बायकांच्या फेरात नाचतो, आवाज फुटल्यावरही हळू बोलतो. शाळेत त्याला ‘बायल्या’ म्हणतात, मोठा झाल्यावर ‘छक्का’. या दोन शब्दांतून त्याच्याविषयी नेमके काय कळले? काहीच नाही. तो पुढे एखाद्या मुलीच्या प्रेमात पडेल, संसार करील आणि तसाच हळू बोलत राहील. तो समलिंगी पुरुष असेल. किंवा ‘तो’ मुळात मुलगी असेल आणि तिला तसे सांगायला अजून शब्द सापडला नसेल. तिन्ही शक्यता खुल्या आहेत आणि त्यांतली खरी कोणती हे ज्याचे त्यालाच कळणार. चिडवणाऱ्यांना दिसते ती फक्त तिसरी गोष्ट, आणि निकाल देतात ते दुसऱ्या-चौथ्याचा.

मराठी रंगभूमीला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व (1888–1967), यांच्या लुगडे नेसण्याची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली. ते संसारी गृहस्थ होते याचे कोणाला नवल वाटले नाही. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र हा समंजसपणा आला नाही. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला आणि त्यावरच्या 2010 च्या चित्रपटातला गुणा हा बायको-पोर असलेला, अंगापिंडाने धिप्पाड गडी. कलेसाठी तो नाच्याचे काम पत्करतो आणि गाव त्या भूमिकेवरून त्याचे पुरुषपण ठरवून मोकळे होते. दोघेही बाईचे काम करणारे पुरुष, पण एकाला मखर मिळाले आणि दुसऱ्याला विटंबना. फरक पाडला तो जात, वर्ग आणि प्रेक्षक यांनी. आजही ‘गे’ म्हणवून घेणे आणि ‘छक्का’ म्हटले जाणे यांतले अंतर पुष्कळदा पैसा, शिक्षण आणि राहण्याच्या जागेनेच ठरते.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागात यल्लम्मेच्या नावाने सोडलेल्या जोगत्यांची परंपरा आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर गळ्यात मोती बांधले जातात, लुगडे नेसवले जाते, डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती, येतो. यांत काही जण मनातून स्त्रीच असतात. त्यांच्यासाठी देवीचे बोलावणे ही स्वतःसारखे जगण्याची गावाने मान्य केलेली वाट ठरते. काहींना मात्र केसांत जट दिसली किंवा घरच्यांनी नवस बोलला म्हणून सोडलेले असते आणि त्यांची तशी इच्छा कधीच नसते. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ (2009) चित्रपटातला तायप्पा असाच बळेबळे जोगता झालेला पुरुष आहे. ‘जोगता’ हा एकच शब्द एकाला मोकळे करतो आणि दुसऱ्याला डांबतो.

हिजडा ही ओळख लिंगभावाची आहेच, शिवाय ती घराण्याची आहे. गुरू, चेला, नायक, रीतभात आणि बोली यांसह ती मिळते. कोणी मनातून स्त्री आहे एवढ्याने ती व्यक्ती हिजडा होत नाही. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या मराठी आत्मकथनाचे नाव ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ असे आहे. ज्या शब्दाने रस्त्यावर दगड मारले जातात तोच त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला. पण हा मान तो शब्द स्वतःसाठी घेणाऱ्याचा. बाहेरच्याने तो वापरू नये. वर्तमानपत्रांत ‘तृतीयपंथी’ किंवा ‘पारलिंगी’ लिहिण्याचा प्रघात पडला आहे तो योग्यच आहे.

समलिंगी आकर्षणाविषयी शिवीशिवाय बोलण्याची सुरुवात मराठीत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने केली. हे मासिक 1927 पासून 1953 पर्यंत चालले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता आणि कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकातली सुमित्रा 1981 मध्ये रंगमंचावर आली, तेव्हा स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला स्वतःसाठी वापरता येईल असा सरळ शब्द बोली मराठीत नव्हता. शब्दावाचून झालेली तिची कोंडी हेच त्या नाटकाचे दुखणे आहे.

पुढची वाट संस्थांनी पाडली. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापला. ‘पार्टनर’, ‘इंद्रधनू’ अशा त्यांच्या पुस्तकांनी ‘लैंगिक कल’, ‘लिंगभाव’, ‘उभयलिंगी’ हे शब्द इंग्रजी न येणाऱ्या वाचकापर्यंत नेले. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला आपल्याविषयी आपल्या भाषेत वाचायला मिळाले, हे काम लहान नव्हे.

त्याच काळात एचआयव्ही प्रतिबंधाच्या सरकारी कार्यक्रमाने आपले शब्द आणले. पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष तो ‘एमएसएम’, असा वर्तनावरून पाडलेला कप्पा त्यात होता. वस्तीतल्या लोकांचे शब्द वेगळे होते. बायकी वागणारा आणि पुरुषाची ओढ असणारा तो ‘कोती’, आणि त्याचा जोडीदार तो ‘पंथी’. पंथी बहुधा लग्न झालेला, स्वतःला साधा पुरुष मानणारा, कुठल्याही नावाशी संबंध न सांगणारा. कंडोम वाटायला ‘एमएसएम’ हा कप्पा उपयोगी पडला. पण ‘मी एमएसएम आहे’ असे आईला कोणी सांगत नाही. मोजणीसाठी केलेला शब्द मोजणीपुरताच ठेवलेला बरा.

स्त्रियांच्या बाजूचे चित्र आणखी अंधूक राहिले. मुंबईत 1995 साली ‘स्त्री संगम’ म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे ‘लेबिया’ नाव घेतलेल्या गटाने जन्मतः स्त्री ठरवल्या गेलेल्या 50 क्वीअर व्यक्तींशी बोलून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सगळ्यांनी स्वतःला स्त्री म्हटले नाही. काही पुरुष होते, काहींना दोन्ही घरे परकी वाटत होती. स्त्री आणि पुरुष या दोन रकान्यांत माणसे मावत नाहीत, हे त्या मुलाखतींतून स्पष्ट झाले.

रकाना हा शब्द येथे अगदी सरकारी अर्थाने घ्यावा. 2011 च्या जनगणनेत पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ ही नोंद झाली आणि महाराष्ट्रात 40,891 जण त्यात मोजले गेले. ‘इतर’ हे कोणाचेच नाव नसते. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितले की आपले लिंग पुरुष, स्त्री की तृतीय हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. मुंबईच्या कार्यकर्त्या गौरी सावंत या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांपैकी एक होत्या. समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्ती या निकालातल्या ‘ट्रान्सजेंडर’ शब्दात येत नाहीत, असे न्यायालयाने 30 जून 2016 रोजी स्पष्ट केले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, 1860 च्या दंडसंहितेतल्या कलम 377 ची त्यांच्यावरची टांगती तलवार 6 सप्टेंबर 2018 ला दूर झाली. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने नाकारला.

कागदावरचा शब्द किती मोलाचा असतो ते जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत दिसले. अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. न्या. रवींद्र घुगे यांनी जानेवारी 2021 मध्ये, ‘नालसा’ निकालाचा आधार घेत, स्वतःला स्त्री म्हणण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. त्या लढल्या आणि निवडून आल्या. हा निकाल मोलाचा आहे, पण त्यात एक गोष्ट टोचते. यापुढे आयुष्यात सोयीसाठी पुरुष ही ओळख पुन्हा घेणार नाही, असे त्यांच्या वतीने न्यायालयात सांगावे लागले. जन्माने स्त्री ठरलेल्या कोणत्याही उमेदवाराला असे वचन कधी मागितले गेलेले नाही.

आणि ओळखीचा शब्द बदलू शकतो. स्वतःला उभयलिंगी म्हणणारी मुलगी पुढे लेस्बियन म्हणू लागते. समलिंगी पुरुष म्हणून वीस वर्षे जगलेल्या व्यक्तीला पन्नाशीत उमगते की आपण स्त्री आहोत. याचा अर्थ आधीचे खोटे होते असा होत नाही. त्या वेळी हाताशी जो शब्द होता आणि जो उच्चारण्याचे धैर्य होते, तो घेतला गेला. अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी 1948 मध्येच लैंगिक कल 0 ते 6 अशा पट्टीवर मांडला, तो माणसे दोन टोकांना वाटलेली नसतात म्हणूनच.

शब्द निवडण्याची घाई करण्याचे कारण नाही. ओढ कोणाविषयी वाटते, आरशात पाहताना काय खटकते, कोणत्या नावाने हाक मारली की बरे वाटते, याकडे लक्ष देत राहिले की शब्द बहुधा मागाहून येतो. कोणताच शब्द न घेणारेही पुष्कळ आहेत. शब्द स्वतःपाशी ठेवणे म्हणजे लबाडी नव्हे. जिथे दोन वेळचे जेवण आणि डोक्यावरचे छप्पर घरच्यांच्या हातात आहे, तिथे कोणाला, कधी आणि किती सांगायचे हे त्या व्यक्तीनेच ठरवावे. मित्राने विश्वासाने सांगितलेली ओळख तिसऱ्याच्या कानावर घालणे हा विश्वासघात आहे. लहान गावात त्याची किंमत फार मोठी असते. घरच्यांनी ‘लग्न लावून दिले की होईल ठीक’ हा सल्ला मनातून काढून टाकावा, कारण त्यात दोन आयुष्यांची माती होते. समलिंगी असणे हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच मान्य केले. 2022 पासून लागू झालेल्या तिच्या नव्या वर्गीकरणात पारलिंगी असणेही मानसिक विकारांच्या यादीत नाही. ‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचे वर्तन राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

लिंगभावाची ओळख कागदावर आणायची तर 2019 च्या केंद्रीय कायद्याने आणि 2020 च्या नियमांनी वाट ठरवून दिली : स्वतःचे प्रतिज्ञापत्र, राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे ‘ट्रान्सजेंडर’ असे प्रमाणपत्र व ओळखपत्र, तेही त्या नियमांत वैद्यकीय तपासणीवाचून. प्रमाणपत्रावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ हवे असेल तर मात्र शस्त्रक्रियेचा दाखला मागितला गेला, आणि ‘नालसा’ने दिलेले येथे कायद्याने अर्धे काढून घेतले, अशी टीका चळवळीतून तेव्हापासून होत आली. नागोठणे रोहा तालुक्यात असले तरी हा अर्ज जातो तो अलिबागला, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. नाव बदलण्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. लैंगिक कलासाठी असा कोणताच दाखला नाही आणि त्याची गरजही नाही. बोलायला जवळ कोणी नसेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही 2012 पासून चालणारी समुपदेशन सेवा आहे. तिथे फोनवर मराठीत बोलता येते, आणि बोलण्यासाठी आधी कोणताही शब्द ठरवून यावे लागत नाही.