उरीयाचे नाव कोणी पुसले नाही

दावीद राजाची गोष्ट मंडळीत सांगितली जाते तेव्हा तिचे तात्पर्य बहुधा ठरलेले असते. एवढे पाप करूनही देवाने त्याला वापरले, मग तुम्हांआम्हांला का नाही वापरणार? अब्राहाम खोटे बोलला, मोशेच्या हातून खून झाला, पेत्राने प्रभूला नाकारले, पौलाने मंडळीचा छळ केला. ऐकणाऱ्याला धीर येतो, आणि तो धीर खोटा नाही. देवाचे कार्य माणसाच्या लायकीवर अवलंबून नाही, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच आहे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. देवाने माणूस वापरला, म्हणजे त्याच्या दोषांचा हिशेब मिटला; आता ते काढणे म्हणजे देवाच्या कामात आडकाठी, असे त्यातून काढले जाते. एखाद्या पुढाऱ्याने हाताखालच्यांवर अन्याय केला की याच मताची ढाल पुढे येते. अभिषिक्त शौलावर दावीदाने हात टाकला नाही, हा दाखलाही मग दिला जातो. पण १ शमुवेलाचा २४ वा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. शौलाला जिवंत सोडून दावीद एन-गेदीच्या गुहेबाहेर येतो, राजाला मोठ्याने हाक मारतो, त्याच्या अन्यायाचा जाब विचारतो आणि आपल्या दोघांत परमेश्वराने न्याय करावा असे म्हणतो. त्याने हात आवरला, तोंड बंद ठेवले नाही.

आता दावीदाचे स्वतःचे प्रकरण. सैन्य राब्बाला वेढा घालून बसले आहे, राजा यरुशलेमेत आहे. तिथे तो बथशेबेला बोलावून घेतो आणि तिला दिवस जातात. बथशेबेचा नवरा उरीया हा हित्ती, म्हणजे परका. तरी सोबती उघड्या रानात असताना आपण घरी जाऊन सुख भोगायचे नाही म्हणून तो राजवाड्याच्या दारातच झोपतो. त्याला लढाईत पुढे घालून मरू द्यावे, हे सेनापती यवाबाला लिहिलेले पत्र राजा उरीयाच्याच हाती देतो. नाथान संदेष्टा जाब विचारतो, दावीद पाप कबूल करतो, क्षमाही लगेच मिळते. मात्र मूल दगावते. पुढे अम्नोन, तामार, अबशालोम या मुलांच्या रूपाने घराची राखरांगोळी होते.

हे सारे गाळता आले असते, कारण गाळून लिहिलेला इतिहास बायबलमध्येच आहे. १ इतिहासाच्या २० व्या अध्यायात दावीद यरुशलेमेत राहिला आणि राब्बा पडले, एवढेच येते. बथशेबा नाही, उरीया नाही. ज्यांनी ग्रंथ जपले त्यांच्यापुढे स्वच्छ दावीद तयार होता. तरीही त्यांनी शमुवेल ठेवला. २ शमुवेलाच्या २३ व्या अध्यायात दावीदाच्या वीरांची यादी आहे, सदतीस जणांची. तिच्यातले शेवटचे नाव उरीया हित्ती. मत्तय तर ख्रिस्ताच्या वंशावळीत बथशेबेचे नावही घेत नाही. तिला उरीयाची बायको म्हणून ओळखवतो. क्षमा होऊन शतके लोटली होती, शलमोनाचे वैभवही येऊन गेले होते. तरी ज्याचा घात झाला त्याचे नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत राहिले.

मग देव सदोष माणसांतून काम करतोच का? उत्तर गणनेच्या २० व्या अध्यायात सापडते. देवाने खडकाशी बोलायला सांगितले होते. मोशेने रागाने लोकांना झिडकारून खडकावर काठी हाणली. पाणी तरीही भरपूर आले, लोक प्याले, गुरेढोरे प्याली. मोशे मात्र कनानात गेला नाही. लोक तहानलेले होते म्हणून पाणी आले. त्या पाण्यात मोशेच्या वागण्याला पसंती नव्हती. देव काम पुरे करतो ते ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यासाठी. मग त्याच कामाचे नाव पुढे करून त्याच लोकांची तक्रार दडपणे कोणत्या शास्त्रात बसते?

क्षमा झाल्यावर जुने उकरू नये, असे कोणी म्हणेल. एकावन्नाव्या स्तोत्राचे शीर्षक पाहावे. नाथान आणि बथशेबा यांचा उल्लेख करूनच ते पश्चात्तापाचे गीत उपासनेसाठी दिले आहे.

नाशिककर वाचकाला याची साक्ष जवळच मिळते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे शिक्षण नाशिकचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शेजारच्या जलालपूरच्या. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मराठी ख्रिस्ती उपासनेला टिळकांच्या पदांनी जे दिले ते दुसऱ्या कोणी दिले असे मला वाटत नाही. पण त्यांचा शीघ्रकोप, न सांगता घरातून निघून जाणे, पैशांबाबतची बेफिकिरी आणि त्या सगळ्याची घराने मोजलेली किंमत ‘स्मृतिचित्रे’मध्ये उघड लिहिली आहे. लिहिणारी त्यांची बायकोच आहे. तिला त्यांच्याविषयी भक्ती आहे, प्रेम आहे, म्हणून तिने काही झाकले नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही तिनेच पुढे नेले. एक पुस्तक लिहिण्यासाठी तिला दुसरे दडपावे लागले नाही.