‘देणं’ हा शब्द वाईट आहे का?

तुमच्या बचत खात्यात ५,००० रुपये असतील, तर ते तुमचे पैसे. बँकेच्या ताळेबंदात मात्र तेच ५,००० ‘देणी’ या बाजूला दिसतात. इंग्रजीत याला लायबिलिटी म्हणतात. बोलण्यात लायबिलिटी म्हणजे गळ्यातलं लोढणं, ताळेबंदात तो नुसता एक रकाना. संगणकाला पैशांची भाषा शिकवणाऱ्यांची गाडी कितीतरी वर्षं याच फरकापाशी अडत आली आहे.

सुरुवात शब्द मोजण्यापासून झाली. १९६०च्या दशकात हार्वर्डमध्ये फिलिप स्टोन आणि सहकाऱ्यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ ही प्रणाली बनवली. मजकुरातला प्रत्येक शब्द ती सकारात्मक, नकारात्मक अशा गटांत टाकायची. २००७ मध्ये पॉल टेटलॉक यांनी याच प्रणालीने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या बाजारविषयक स्तंभाची १९८४ ते १९९९ ही वर्षं तपासली. स्तंभाचा सूर फार निराश असला की शेअरचे भाव दबतात आणि पुढे सावरतात, असं त्यांना दिसलं.

पण तो शब्दकोश बाजारासाठी बनलाच नव्हता. २०११ मध्ये टिम लॉक्रन आणि बिल मॅकडॉनल्ड यांनी तो अमेरिकी कंपन्यांच्या १९९४ ते २००८ मधल्या वार्षिक अहवालांवर लावून पाहिला. ज्या शब्दांना कोश नकारात्मक म्हणत होता, त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश आर्थिक मजकुरात तसे नव्हतेच. टॅक्स, कॉस्ट, कॅपिटल, लायबिलिटी हे सगळे वाईट ठरले होते. कॅन्सरवर औषध बनवणारी कंपनी तर आपलं काम नुसतं सांगूनच बदनाम व्हायची! मग दोघांनी वित्तव्यवहारासाठी वेगळ्या शब्दयाद्या तयार केल्या.

तरी यादीला वाक्य कळत नाही. ‘तोटा कमी झाला’ यात शब्द वाईट, बातमी चांगली. म्हणून २०१४ मध्ये पेक्का मालो आणि सहकाऱ्यांनी फिनलंडमधल्या कंपन्यांच्या इंग्रजी बातम्यांतून सुमारे ४,८०० वाक्यं निवडली. अर्थव्यवहार जाणणाऱ्या १६ जणांना विचारलं: गुंतवणूकदाराच्या नजरेतून हे चांगलं, वाईट की मधलं? प्रत्येक वाक्य पाच ते आठ जणांनी पाहिलं. निम्म्याहून कमी वाक्यांवर सगळ्यांचं एकमत झालं.

२०१९ मध्ये दोगू अराजी यांचं ‘फिनबर्ट’ हे मॉडेल याच वाक्यांवर तपासलं गेलं. एकूण वाक्यांवर ८६ टक्के उत्तरं बरोबर आली, पूर्ण एकमताच्या वाक्यांवर ९७ टक्के. म्हणजे जिथे माणसांचं पटत नव्हतं, तिथेच यंत्रही जास्त चुकत होतं. मग ‘बरोबर उत्तर’ कुणाचं धरायचं?

मार्च २०२३ मध्ये ‘ब्लूमबर्गजीपीटी’ आलं: ५,००० कोटी पॅरामीटर, ३६,३०० कोटी टोकनांचा आर्थिक मजकूर आणि जवळपास तितकाच इतर मजकूर. आपल्या आकाराच्या इतर मॉडेलांपेक्षा ते आर्थिक चाचण्यांत सरस ठरलं. पण त्याच वर्षी, कुठल्याही एका विषयासाठी न बनवलेलं ‘जीपीटी-४’ यातल्या काही चाचण्यांत त्याच्या पुढे गेलं. नोव्हेंबरमध्ये ‘फायनान्सबेंच’ या चाचणीत कंपन्यांच्या अहवालांवरचे १५० प्रश्न घेतले. कागदपत्रं शोधण्याची सोय जोडूनही ‘जीपीटी-४ टर्बो’ने ८१ टक्के प्रश्नांची उत्तरं चुकवली किंवा दिलीच नाहीत.

हे मी तटस्थपणे सांगू शकत नाही, कारण अशा चाचण्या लिहिणं हे माझं काम आहे. एकदा आमच्या मॉडेलने एका अहवालातला नफ्याचा आकडा अचूक उचलला, पण सांगितला कोटींत. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रुपये लाखांत’ असं छापलेलं होतं. शंभरपट चूक. चाचणीने मात्र त्याला पास केलं, कारण ती फक्त अंक जुळवत होती. ती चाचणी मीच लिहिली होती. एका सीए मैत्रिणीने सहज नजर टाकली म्हणून ते सापडलं.

आता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी आधी दोन जाणकारांकडून वेगवेगळं लिहून घेतो. त्यांचं जुळलं नाही तर तो प्रश्न वगळत नाही, वेगळ्या यादीत ठेवतो. नवं मॉडेल आलं की एकूण टक्केवारीच्या आधी मी ती यादी उघडतो.