नगरचौक आणि नगरसत्ता : प्वेर्तो रिकोतील ‘प्वेब्लो’

स्पॅनिश भाषेत ‘प्वेब्लो’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : गाव आणि लोक. कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर हा शब्द आणखी एका विशिष्ट अर्थाने रूढ आहे. बेटाच्या ७८ नगरपालिका-क्षेत्रांपैकी बहुतेकांत ‘बारिओ-प्वेब्लो’ नावाचा एक मध्यवर्ती विभाग असतो. जुना चौक, चर्च आणि नगराध्यक्षाचे कार्यालय तेथेच असते. भोवतालची खेडी, डोंगर व शेतजमिनी त्याच पालिकेत मोडतात. मात्र कारभाराचे आसन या लहानशा विभागात असते.

या रचनेचे मूळ वसाहतकालीन राज्यकारभारात आहे. राजा दुसरा फिलिप याने १५७३ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात नव्या वसाहतींच्या आखणीचे नियम सांगितले होते. चौक आयताकृती असावा, त्याची लांबी रुंदीच्या किमान दीडपट असावी, राजसत्तेच्या व नगरसभेच्या वास्तू त्याच्या सान्निध्यात असाव्यात, असा त्यांचा आशय होता. प्वेर्तो रिकोत नवे गाव स्थापण्यासाठी रहिवाशांना गव्हर्नरकडे अर्ज करावा लागे. चौक, चर्च आणि शासकीय वास्तू यांसाठी जमिनीची तजवीजही करावी लागे. विखुरलेल्या शेतकऱ्यांना धर्मसत्ता व राजसत्ता यांच्या दृष्टिक्षेपात आणण्याचे काम या चौकाने केले. येथे गावाची स्थापना ही वस्तीइतकीच कारभाराची घटना होती.

दक्षिण किनाऱ्यावरील पोन्से शहराचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. या वस्तीची स्थापना १६९२ ची मानली जाते. १८१५ च्या राजाज्ञेने परदेशी स्थलांतरितांना व व्यापाराला वाव दिला. त्यानंतर साखरेच्या व्यवसायातून हे गाव समृद्ध झाले आणि १८७७ मध्ये त्यास शहराचा दर्जा मिळाला. त्याच्या मुख्य चौकात कॅथीड्रल आहे आणि त्यामागे १८८२ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला लाल-काळ्या पट्ट्यांचा लाकडी मंडप आहे. हा मंडप पुढे अग्निशामक दलाचे ठाणे झाला. येथील मध्यवस्ती मात्र एकाच ‘बारिओ-प्वेब्लो’त सामावलेली नाही, ती क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या अनेक विभागांत वाटली गेली आहे.

१८९८ मध्ये बेट अमेरिकेच्या ताब्यात गेले. चर्च व शासन यांची फारकत झाली, परंतु दोन्ही वास्तू एकाच चौकात राहिल्या. नव्या राज्यकर्त्यांनी १८९९ ची जनगणना याच पालिका व विभागांच्या चौकटीत घेतली. सत्ता बदलली, तरी तिचे आसन हलले नाही.

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला. औद्योगिकीकरण, मोटारी आणि उपनगरे यांनी प्वेब्लोतील वस्ती व बाजारपेठ बाहेर ओढून नेली. पोन्सेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या शहराच्या जीर्णोद्धाराची मोठी योजना राबवली गेली. पण १९९२ मध्ये शहराच्या कडेला ‘प्लासा देल कारिबे’ हे भव्य व्यापारसंकुलही उघडले. ‘प्लासा’ म्हणजे चौक. खरेदीसोबत चौकाचे नावही बाहेर गेले. १९९१ च्या कायद्याने पालिकांना अधिक स्वायत्तता दिली, तरी रहिवाशांची घट तिने थांबली नाही. बेटाची लोकसंख्या २००० मधील सुमारे ३८ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे ३३ लाखांवर आली. ७ जानेवारी २०२० च्या भूकंपात ग्वायानिया गावच्या चौकातील चर्च कोसळले. अशा आघातानंतर पुनर्बांधणी कोणासाठी करावयाची, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

प्वेब्लोचे प्रशासकीय स्थान टिकून आहे, हे त्याच्या जिवंतपणाचे पुरेसे प्रमाण नव्हे. प्रारंभी शासनाने लोकांना चौकात आणले. आज अनेक ठिकाणी लोक निघून गेले आहेत आणि शासन तेवढे उरले आहे. दर्शनी भिंतींची डागडुजी आवश्यक असली, तरी कार्यालय बंद झाल्यावरही तेथे दिवे लावणारी घरे हवीत. ‘प्वेब्लो’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदले, तरच जतनाला अर्थ राहील.