‘रेक्झीन’ म्हणजे नेमकं काय? जुन्या खुर्चीच्या थरांमधला इतिहास

वस्तूंच्या जुन्या यादीत ‘खुर्ची, लाकडी, रेक्झीनची सीट, १ नग’ अशी नोंद दिसली की आपण पुढे जातो. त्यात न समजण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण मी मूळचा पॉलिमर रसायनाचा, त्यामुळे इथेच अडतो. गेल्या शंभरेक वर्षांत या एका शब्दाने निदान तीन वेगळे पदार्थ ओळखले गेले आहेत. ते रासायनिकदृष्ट्या एकमेकांचे लांबचे नातेवाईकसुद्धा नाहीत. नोंदीतला पदार्थ यातला कोणता, हे कागद सांगत नाही. खुर्ची सांगू शकते, पण तिचं जुनं कव्हर कोणी उपटून फेकलं नसेल तर.

चामड्यासारखं दिसणारं कापड ही कल्पना रेक्झीनच्या आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात सुती कापडावर जवसाच्या तेलाचे थर देऊन, वर चामड्याची नक्षी दाबून ते विकत. आपल्या मेणकापडाचाच हा भाऊबंद. या मालाच्या नावावरून वाद तेव्हापासूनच आहेत. १८६५ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर लेदर क्लॉथ कंपनी विरुद्ध अमेरिकन लेदर क्लॉथ कंपनी हा खटला आला. आमच्या शिक्क्याची नक्कल झाली, अशी फिर्याद होती. पण फिर्यादीच्या शिक्क्यावर ‘टॅन केलेलं’ आणि ‘पेटंट घेतलेलं’ असे शब्द होते, आणि ते सगळ्या मालाला लागू पडत नव्हते. जो शिक्का स्वतःच ग्राहकाची दिशाभूल करतो त्याला संरक्षण कसलं, हा तिथला एक महत्त्वाचा मुद्दा ठरला आणि फिर्यादी हरला. ट्रेडमार्कच्या कायद्यात हा निकाल आजही शिकवतात. मला त्यात जास्त रस वाटतो तो वेगळ्या कारणासाठी: खुर्चीवरचं कापड खरोखर कशाचं बनलंय, यावर भर न्यायालयात खल झाला आणि तो लिहून ठेवला गेला.

खरं ‘रेक्झीन’ त्यानंतरचं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या रेक्झीन लिमिटेड या कंपनीचं ते व्यापारी नाव. त्याचा पाया नायट्रोसेल्युलोज. १८४६ च्या सुमारास शोनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून बंदुकीचा कापूस बनवला, त्याच कुळातला हा पदार्थ. नायट्रेशनचं प्रमाण कमी ठेवलं की तो द्रावकात विरघळतो आणि कापडावर त्याचा पातळ पापुद्रा बसवता येतो. नुसता पापुद्रा कडक होतो, म्हणून लवचीकपणासाठी अशा कापडांत कापूर किंवा एरंडेल घालत. स्फोटकं बनवणाऱ्या कंपन्यांना नायट्रोसेल्युलोजसाठी दुसरी गिऱ्हाइकं हवीच होती. अमेरिकेत ड्यूपाँने १९१० मध्ये फॅब्रिकॉइड ही कृत्रिम चामड्याची कंपनी विकत घेतली ती याच हिशेबाने. पुढे मोटारींच्या सीटा, रेल्वेचे डबे, पुस्तकांची बांधणी, सगळीकडे हे कापड गेलं. आपल्याकडे ब्रँडचं नाव मालाचं नाव होऊन बसलं, डालडासारखं.

दुसरं रेक्झीन पीव्हीसीचं. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमनने पीव्हीसी द्रवात मिसळून मऊ करायची युक्ती शोधली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसीचा थर दिलेलं कापड स्वस्तात मिळू लागलं. नायट्रोसेल्युलोज मागे पडलं, पण दुकानातला शब्द तोच राहिला. आपल्या इथला याचा एक सुंदर पुरावा पुन्हा न्यायालयातच सापडतो. भोर इंडस्ट्रीज विरुद्ध केंद्रीय अबकारी खातं, सर्वोच्च न्यायालय, १९८९. वाद असा की लेदर क्लॉथ वगैरे बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या कच्च्या पीव्हीसी फिल्मवर वेगळा कर लागतो का. न्यायालय म्हणालं, ही फिल्म त्या अवस्थेत बाजारात विकलीच जात नाही, म्हणून तो अबकारीयोग्य माल नव्हे. कायदा बाजूला ठेवा. आपल्यासाठी कामाचं हे की लेदर क्लॉथ कशापासून आणि कोणत्या क्रमाने बनत होतं, ते इथे स्पष्ट लिहिलेलं आहे. अबकारी आणि जकातीच्या निकालांकडे इतिहासाची मुलं फारशी फिरकत नाहीत. वस्तूंवर काम करायचं असेल तर फिरका. ज्याला कर लावायचाय त्याला घटक विचारावेच लागतात.

तिसरं रेक्झीन पॉलियुरेथेनचं, त्यावर शेवटी.

आता खुर्चीकडे. जेवणाच्या किंवा ऑफिसच्या साध्या खुर्चीची सीट बहुतेक वेळा खालच्या चार स्क्रूंवर बसलेली असते. घरी कव्हर बदलणारा माणूस काय करतो? स्क्रू काढतो, सीट उलटी करतो, नवं कापड ताणून आधी चारही बाजूंच्या मध्यावर चुका ठोकतो, मग कोपऱ्यांकडे सरकतो आणि कोपऱ्यात घड्या घालतो. जुनं कव्हर? ते बहुतेकदा तसंच आत राहतं. शेकडो चुका उपसायचा कंटाळा असतो, आणि जुन्या कापडाने सीटला जरा भरही येतो. कारागीर मात्र पैसे घेऊन नीट काम करतो, म्हणजे लाकडापर्यंत सगळं सोलतो: कव्हर, कापूस किंवा काथ्या, गोणपाट, पट्ट्या. त्यामुळे थोडी विचित्र परिस्थिती आहे. कौशल्याने केलेली दुरुस्ती पुरावा पुसते, आणि घरची कामचलाऊ दुरुस्ती तो दाबून जपून ठेवते. माझ्या मते साध्या, अनामिक फर्निचरच्या इतिहासाचा सगळ्यात चांगला संग्रह अशा आळसानेच तयार झालाय.

थर मोजताना पुरातत्त्वाचाच नियम लावायचा. खालचा थर वरच्याच्या आधी बसवलेला. पीव्हीसी सापडलं तर ते कव्हर १९२६ च्या आधीचं नक्की नाही, आणि प्रत्यक्षात बरंच नंतरचं. कापड गेलं असेल तरी सीटच्या चौकटीवर चुकांच्या भोकांच्या रांगा उरतात. ती खुर्ची किती वेळा मढवली, याचा अंदाज त्यावरून येतो. चुकांच्या जागी स्टेपल असतील तर तो हात बराच अलीकडचा. एक सावधगिरी: काथ्या आणि कापूस पिंजून पुन्हा वापरतात, म्हणून आतल्या भरावावरून कव्हरचं वय ठरवू नका.

पदार्थ ओळखायला जाळून बघणं हा घरोघरचा उपाय आहे. इथे तो करायचा नाही. नायट्रोसेल्युलोज भडकन पेटतं आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं. विभागात इन्फ्रारेड यंत्र असेल तर नखाएवढा तुकडा पुरे. १६५०, १२८० आणि ८४० च्या आसपास ठळक पट्टे दिसले तर नायट्रोसेल्युलोज. फक्त एरंडेल किंवा पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य पृष्ठभागावर झिरपून आलेलं असतं आणि यंत्र वरवरचे एकदोन मायक्रॉनच पाहतं, म्हणून ताजा कापलेला भागही तपासा.

हे ओळखणं नुसतं कुतूहलाचं नाही. नायट्रोसेल्युलोज हळूहळू नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, ओलाव्यात त्यांचं आम्ल होतं. त्यात खालचं सुती कापड ठिसूळ होतं, चुका गंजतात, शेजारी ठेवलेल्या वस्तूही खराब होतात. संग्रहालयाच्या नोंदीत नुसतं ‘रेक्झीन’ लिहिलं तर अशी खुर्ची भलत्याच शेजारात जाऊन बसते.

म्हणून घरात कोणी खुर्च्या मढवायला काढल्या की आधी सीटचा खालून आणि बाजूने फोटो घ्या. प्रत्येक थराचा दोन बोटं रुंद तुकडा आणि दोन-तीन चुका वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, आम्लाची वाफ आत कोंडते. पाकिटावर खुर्ची कोणती, थर वरून कितवा आणि तारीख लिहा.

सध्या दुकानात ‘रेक्झीन’ मागितलं तर पुष्कळदा पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड पुढे येतं. दमट हवेत त्याचा थर पाण्याशी प्रक्रिया होऊन तुटतो. मुंबईत किंवा कोकणात चार-सहा पावसाळ्यांत त्याची सालपटं कपड्यांना चिकटू लागतात, ते हेच. तेव्हा तीन थरांच्या सीटमध्ये सगळ्यात नवा थर आधी झडून जाईल, आणि खाली दबलेलं पीव्हीसी अजून शाबूत असेल, असंही होऊ शकतं.